टायमिंग बेल्ट बदलताना ढील कोणत्या बाजूला आहे ते पाहा

टायमिंग बेल्ट तुटण्याआधी बहुतेक वेळा काहीच कळवत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, इंजिनाचा आवाज बदलत नाही. नाशिकहून निघून इगतपुरीपर्यंत व्यवस्थित आलेली गाडी कसारा घाटाच्या उतारावर एकदम बंद पडते. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचं पेडल एकदोनदा नेहमीसारखं दबतं आणि मग कडक होतं. कशीबशी बाजूला घेऊन पुन्हा स्टार्टर मारला, तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरतं, पण पकडत नाही. तोवर आतले व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आणि धुराची दारं, वाकलेले असू शकतात आणि मग इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवण्यावाचून इलाज नसतो.

आपल्याकडे हातात कसब असलेल्या माणसांची कमी नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आठवडाभर जिग, फिक्श्चर आणि पिना हाताळणारे कितीतरी जण रविवारी घरच्या पोर्चमध्ये स्वतःच गाडीचं ऑइल बदलतात, ब्रेक पॅड टाकतात. टायमिंग बेल्टला मात्र तेही हात लावत नाहीत. ही धास्ती अगदी रास्त आहे, कारण इथली चूक महाग पडते. पण चूक नेमकी कुठे होते हे समजलं तर काम आवाक्यात येतं. माझ्या मते या कामात पुल्यांवरच्या खुणा जुळवण्यापेक्षा मोठी गोष्ट एकच आहे: बेल्टमधली ढील कोणत्या बाजूला आहे हे कळणं. बाकीच्या सगळ्या सूचना त्यातूनच निघतात.

बेल्ट करतो काय

क्रँकशाफ्ट इंजिनाच्या खालच्या भागात असतो आणि पिस्टनशी जोडलेला असतो. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा आत ओढणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं हे एक चक्र पूर्ण होईपर्यंत क्रँक दोनदा फिरतो, पण प्रत्येक व्हॉल्व्हला तेवढ्यात एकदाच उघडायचं असतं. म्हणून कॅम निम्म्या वेगाने फिरला पाहिजे, आणि त्यासाठी कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या बरोबर दुप्पट दाते असतात. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला ५० फेऱ्या मारतो आणि एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. एवढ्या वेगात वरचं आणि खालचं वेळापत्रक एकमेकांशी बांधून ठेवतो तो हा दातेरी बेल्ट.

तो दिसायला रबराचा असला तरी त्याची ताकद आतल्या काचेच्या धाग्यांच्या दोऱ्यांत असते. दात्यांवर नायलॉनचं कापड असतं. या दोऱ्या ताणाने जवळजवळ लांबत नाहीत, पण घट्ट मुरडल्या की तुटतात. म्हणून नवा बेल्ट उलटा करून पाहू नये, घडी घालू नये, दुकानातून आणताना खिशात कोंबू नये. मोटारगाडीत असा रबरी बेल्ट पहिल्यांदा आणला तो जर्मनीच्या ग्लास कंपनीने, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, आपल्या १००४ या छोट्या गाडीत. साखळीपेक्षा शांत, हलका आणि स्वस्त असा तो उपाय होता. मात्र रबराला वय असतं.

सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो. मारुती ८००, जुनी झेन, पहिल्या पिढीची सँट्रो, इंडिका डिझेल यांना बेल्ट आहे. नाशिकच्याच महिंद्रा कारखान्यात बनलेली लोगन २००७ मध्ये बाजारात आली आणि पुढे व्हेरिटो झाली. तिच्या १.५ डिझेल इंजिनालाही बेल्ट आहे, आणि डस्टरमध्ये त्याच घराण्याचं डिझेल इंजिन होतं. उलट, स्विफ्टचं १.३ डिझेल आणि मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं साखळीवर चालतात, तिथे हा लेख लागू नाही.

घरी काय करावं आणि काय करू नये, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एकच कॅमशाफ्ट असलेलं साधं पेट्रोल इंजिन, म्हणजे ८०० किंवा जुनी सँट्रो, हे शांतपणे काम करणाऱ्याला घरी जमण्यासारखं आहे. लोगन किंवा डस्टरच्या डिझेलला क्रँक आणि कॅम जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या खास पिना लागतात आणि डिझेलचा हाय प्रेशर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. त्या पिना हातात नसतील तर पांढऱ्या रंगाचे ठिपके लावून ते काम करू नये. मग तुमचा हात कितीही बसलेला असो.

वेळ कधी आली हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. साधारणपणे ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी, आणि त्यासोबत वर्षांची मर्यादा. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. ही वर्षांची अट आपल्याकडे सर्रास दुर्लक्षिली जाते. आठवड्यातून एकदा गंगापूर रोडवरून फिरून येणारी, बाकी दिवस झाकून ठेवलेली गाडी दहा वर्षांत ३०,००० किलोमीटरही जात नाही. तिचा मालक निश्चिंत असतो, आणि कव्हरखाली रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजून चालावं. वरचं कव्हर उघडून पाहिलं आणि भेगा दिसल्या नाहीत, एवढ्यावर विसंबू नका. अलीकडच्या रबराच्या बेल्टवर बाहेरून भेगा न दिसताही आतल्या दोऱ्या थकलेल्या असतात. कडा पिंजलेल्या दिसल्या, तेल लागलेलं दिसलं किंवा एखादा दाता गेलेला दिसला, तर मात्र गाडी चालवूच नका.

आणखी एक गोष्ट आधी जाणून घ्या. काही इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात, बेल्टच त्यांना वेळ चुकवून ये-जा करायला लावतो. अशा इंजिनात बेल्ट तुटला की टक्कर होते. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेसं अंतर असतं आणि बेल्ट तुटला तरी गाडी फक्त बंद पडते. आपलं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे हे खात्रीने माहीत नसेल, तर टक्कर होते असंच धरून काम करा.

ढील

सायकल स्टँडवर उभी करा, हाताने पेडल पुढे फिरवा आणि मागच्या चाकाला जरा ब्रेक लावा. चेनची वरची बाजू ताठ होते आणि खालची लोंबते. पेडल वरच्या बाजूने ओढतं आणि उरलेली सगळी ढील खाली गोळा होते. टायमिंग बेल्टमध्ये हेच घडतं. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. क्रँक खाली, कॅम वर. म्हणजे क्रँक कॅमला उजव्या बाजूने खाली ओढतो. उजवी बाजू ताणाची, डावी बाजू ढिलाईची. म्हणूनच टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी पुली, डाव्या बाजूला असतो, कारण ढील तिथे जमते आणि ती तिथेच गिळायची असते. होंडाची काही जुनी इंजिनं उलट दिशेने फिरतात, तिथे बाजूही उलट.

आता चूक कशी होते ते पाहा. क्रँकची खूण जुळली, कॅमची खूण जुळली, तुम्ही नवा बेल्ट चढवला. पण चढवताना उजव्या बाजूला थोडीशी ढील राहिली. डोळ्याला खुणा बरोबर दिसतात. टेन्शनर डावीकडून ओढतो, तिथला ताणही ठीक वाटतो. इंजिन फिरायला लागलं की क्रँक आधी उजवीकडची ती ढील खेचून घेतो आणि मगच कॅम हलतो. तेवढ्यात क्रँक पुढे गेलेला असतो, कॅम मागे राहिलेला असतो. खुणा जुळवूनही टायमिंग एका दात्याने चुकलं. समजा क्रँक पुलीला २० दाते आहेत, तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश. गाडी सुरू होईल कदाचित, पण उशिरा सुरू होईल, ओढणार नाही, आयडलला थरथरेल. क्रँक आणि कॅम सेन्सर दोन्ही असलेल्या गाडीत स्कॅनर लावला तर पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅम जुळत नसल्याचा, कोड मिळू शकतो. दोन-तीन दात्यांनी चुकलं, तर टक्कर होणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्ह जातात.

म्हणून बेल्ट चढवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी क्रँकच्या पुलीवर, मग उजवी बाजू बोटांनी ताठ धरून वर कॅमच्या पुलीवर, मग वॉटर पंप किंवा आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली), आणि सगळ्यात शेवटी टेन्शनर. उजवी बाजू ताठ धरली की अनेकदा बेल्टचा दाता कॅमच्या खाचेत बसत नाही, अर्धा दाता इकडे किंवा तिकडे पडतो. कॅम पिनेने अडकवलेला नसेल तर त्याची पुली घड्याळाच्या दिशेने अर्धा-एक दाता पुढे न्या, बेल्ट चढवा आणि पुली हलकेच मागे खुणेवर आणा. मागे येताना ती उजवी बाजू स्वतःच ताणून घेते. एवढी एक युक्ती हाताला बसली की हे काम निम्मं झालं.

खुणांचा घोळ

कॅमच्या पुलीवर एक खूण असते, तिच्यासमोर हेडवर किंवा मागच्या कव्हरवर एक. काही इंजिनांत पुलीतल्या बारीक भोकातून मागची खूण पाहायची असते. खाली क्रँकच्या दातेरी पुलीवर खूण असते आणि तिच्यासमोर ऑइल पंपाच्या हाउसिंगवर दुसरी. सगळ्यात बाहेरची जी मोठी पुली अल्टरनेटरचा बेल्ट फिरवते, तिच्यावरही एक खाच असते आणि कव्हरवर अंशांची पट्टी. ती पाहून टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर येण्याच्या जागेच्या, जवळ यायला हरकत नाही, पण बेल्ट बसवताना प्रमाण मानायची ती आतली खूण. बाहेरच्या पुलीतलं रबर निसटून ती फिरलेली असू शकते.

क्रँकची खूण जुळली म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आला, एवढंच सिद्ध होतं. तो दाबण्याच्या स्ट्रोकला वर आला की धूर बाहेर टाकण्याच्या, हे क्रँक सांगू शकत नाही, कारण कॅमच्या एका फेरीत तो दोनदा वर येतो. ते कॅम सांगतो. कॅमची खूण समोरासमोर नसेल आणि तळाला दिसत असेल, तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवा.

नव्या बेल्टवर बाण आणि कधीकधी दोन-तीन पांढऱ्या रेघा छापलेल्या असतात. बाण फिरण्याच्या दिशेने ठेवायचा. रेघा फक्त पहिल्यांदा बसवण्यासाठी असतात. इंजिन फिरवल्यावर त्या खुणांसमोर परत येत नाहीत आणि नवखा माणूस इथे घाबरून सगळं पुन्हा उघडतो. हिशेब करून पाहा: बेल्टला १०५ दाते आणि क्रँकच्या पुलीला २० असतील, तर बेल्टवरची रेघ क्रँकच्या खुणेशी पुन्हा येईल २१ फेऱ्यांनंतर. त्या सोडून द्या, पुलीवरच्या खुणा पाहा.

जुना बेल्ट काढण्याआधी त्यावर आणि पुल्यांवर रंगाचे ठिपके मारून, मधले दाते मोजून ते नव्या बेल्टवर उतरवणं ही चांगली सवय आहे. पण जुना बेल्टच एका दात्याने चुकलेला असेल तर तुम्ही ती चूक इमानेइतबारे नव्यावर उतरवाल. ठिपके आधाराला, निर्णय कंपनीच्या खुणांचा.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागेवर, इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. बहुतेक आडव्या बसवलेल्या इंजिनांत बेल्ट पुढच्या उजव्या चाकाकडे असतो. मागच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकने उचलून घोडीवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, ही एक अट कोणत्याही कारणाने मोडू नये. त्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागतं, म्हणून ऑइल चेंबरखाली लाकडाचा गुटका ठेवून दुसऱ्या जॅकने इंजिनाला अलगद टेका द्या.

क्रँकचा मोठा बोल्ट बेल्ट काढण्याआधीच, टीडीसी लावण्याआधीच सैल करा. तो फार घट्ट असतो आणि सुटताना इंजिनाला उलटं फिरवतो. गाडी सगळ्यात वरच्या गिअरमध्ये, आत बसलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर, आणि लांब दांड्याचा गोटी पाना. टायमिंगची पिन घालून तिच्या आधारावर हा बोल्ट सोडायचा प्रयत्न करू नका, पिन वाकते किंवा आतला भाग फुटतो. सैल झाला की तो पुन्हा हलका आवळा आणि त्यावरच पाना लावून, गिअर न्यूट्रलला आणून, इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरवत टीडीसीवर आणा. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून ठेवले तर हाताने सहज फिरतं. खूण ओलांडून पुढे गेलात तर मागे आणू नका. उलटं फिरवलं की ढील उजव्या बाजूला जाते आणि मग खुणा खोटं बोलतात. पुन्हा दोन फेऱ्या पुढे फिरवून या.

बेल्ट निघाल्यानंतर क्रँक किंवा कॅम एकेकटा फिरवणं धोक्याचं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांमुळे कॅम कधी स्वतःहूनच उडी मारतो, तेव्हा हात लांब ठेवा. कॅम बराच फिरून गेला आणि परत आणायचा असेल, तर चार सिलिंडरच्या इंजिनात आधी क्रँक टीडीसीपासून पाव फेरी मागे घ्या. तिथे चारही पिस्टन मध्यावर असतात, व्हॉल्व्हला लागत नाहीत. कॅम खुणेवर आला की क्रँक परत आणा. तीन सिलिंडरच्या ८०० मध्ये असा सगळे पिस्टन मध्यावर असण्याचा कोन नाही, तिथे कॅम हलूच न देणं बरं.

उघडलंच आहे तर टेन्शनर आणि आयडलरही बदला. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर तोही. या तिघांपैकी एखाद्याचं बेअरिंग वर्षभरात गेलं तर नवा बेल्टही त्याच्यासोबत जातो, आणि एवढं सगळं पुन्हा उघडावं लागतं. क्रँकच्या किंवा कॅमच्या ऑइल सीलमधून तेल येत असेल तर ते आधी थांबवा, तेल लागलेलं रबर फुगतं. पंप काढताना कूलंट खाली ट्रेमध्ये घ्या. ते गटारात सोडू नका, आपल्या गटारांचं पाणी नासर्डीत आणि तिथून गोदावरीत जातं. अंगणात सांडू नका, इथिलीन ग्लायकॉलवालं कूलंट चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं. नवा बेल्ट जुन्याशेजारी ठेवून दाते मोजा, रुंदी आणि दात्यांचा आकार पाहा. चौकोनी दात्याच्या पुलीवर गोल दात्याचा बेल्ट चालत नाही.

दोन फेऱ्या

टेन्शनरचे प्रकार तीन. स्प्रिंगवाला असेल तर बोल्ट सैल ठेवून स्प्रिंगला तिच्या ताकदीने ढकलू द्या. काटा असलेला असेल तर काटा खाचेसमोर आणा. पूर्ण हाताने लावायचा असेल तर जुना ठोकताळा असा की सगळ्यात लांब सरळ भागाच्या मध्यावर बेल्ट अंगठा आणि बोटाने साधारण ९० अंश पिळता आला पाहिजे, त्याहून जास्त नाही. कमी ताण असेल तर बेल्ट दाता सोडतो. जास्त असेल तर घोंघावतो आणि वॉटर पंपाचं बेअरिंग खातो.

आता स्टार्टर नाही, पानाच. क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या पुढे फिरवा. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक पूर्ण होते, सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात आणि बेल्टमध्ये कुठे लपलेली ढील असेल ती टेन्शनरकडे जाऊन पडते. फिरवताना हाताकडे लक्ष असू द्या. दाबाचा अडथळा मऊ असतो, थोडं थांबलं की हळूहळू सुटतो. धातूला धातू लागला तर पाना एकदम थबकतो. तसं झालं तर जोर लावू नका, तिथेच थांबा, टायमिंग चुकलेलं आहे.

दोन फेऱ्यांनंतर पुलीवरच्या दोन्ही खुणा पुन्हा समोरासमोर आल्या पाहिजेत. कॅमची खूण अर्ध्या दात्याने सरकलेली दिसली, तर डोळा सरळ रेषेत आहे का ते पाहा, मोबाइलने समोरून फोटो काढून बघा. पूर्ण दाता सरकला असेल तर बेल्ट उतरवून पुन्हा चढवा. खुणा बरोबर असतील तर टेन्शनरचा बोल्ट पुस्तिकेतल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा, आणखी दोन फेऱ्या फिरवा आणि पुन्हा पाहा. क्रँकचा बोल्टही टॉर्कनेच. काही कंपन्या तो दर वेळी नवा घालायला सांगतात, तसं लिहिलं असेल तर जुना वापरू नका.

माउंटिंग, कव्हरं, बाहेरचा बेल्ट, कूलंट, बॅटरी हे सगळं परत बसवून गाडी सुरू करा. कव्हरला काही घासत असेल तर लगेच ऐकू येतं. इंजिन गरम होऊन पंखा एकदा चालू होईपर्यंत उभी ठेवा, वॉटर पंपाच्या खाली ओल दिसते का ते पाहा. पहिली फेरी घराच्या आसपासच मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघून कमी असेल तेवढं भरा, आणि वरच्या कव्हरवर तारीख आणि किलोमीटरचा आकडा पक्क्या मार्करने लिहून ठेवा.